आगमनकाळ आणि मुळांची नोंदवही

१

कॅथलिक धर्मग्रामाचा रौप्य किंवा सुवर्ण महोत्सव आला की स्मरणिका निघते. या स्मरणिकांचा साचा ठरून गेलेला असतो. आरंभी महागुरुस्वामींचा शुभसंदेश, मग आजवरच्या धर्मगुरूंची सालवार यादी, मग चर्चच्या पायाभरणीचा आणि शाळा-वसतिगृहाच्या इमारतींचा वृत्तान्त, आणि शेवटी देणगीदारांचे आभार. ‘इतिहास’ या मथळ्याखाली बहुधा अशी वाक्ये असतात: अमुक साली अमुक फादर या भागात आले, त्यांनी इतक्या कुटुंबांना स्नानसंस्कार दिला, त्यांनी विहीर खोदली, त्यांनी शाळा काढली. या वाक्यांचे व्याकरण तपासून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वाक्याचा कर्ता बाहेरून आलेला आहे. गावची माणसे सर्वत्र कर्म आहेत. त्यांना शिकवले गेले, त्यांना वाचवले गेले, त्यांना धर्मात घेतले गेले. त्यांनी स्वतः काय केले, याला मात्र त्या पानांत जागा नसते.

हे व्याकरण आपल्या ओळखीचे आहे. गावगाड्याच्या इतिहासात महार-मांगांना जे स्थान मिळाले तेही असेच होते. त्यांना हक्क ‘दिले’ गेले, त्यांच्याकडून राबणूक ‘घेतली’ गेली. ज्या धर्मव्यवस्थेला नकार देऊन ही माणसे चर्चच्या दारात आली, तिचे व्याकरण चर्चच्या स्मरणिकेतही त्यांची पाठ सोडत नाही, ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १७ डिसेंबर १९७७ रोजी झाली. अमरावती धर्मप्रांतातून मराठवाडा वेगळा काढण्यात आला आणि डॉमिनिक आब्रेओ हे पहिले महागुरुस्वामी झाले. औरंगाबाद शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले असले तरी धर्मप्रांत आपल्या जुन्या नावानेच ओळखला जातो. २०२७ च्या डिसेंबरात या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण होतात. म्हणजे सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेची जुळवाजुळव होण्याचे हेच दिवस आहेत.

ही तारीख आगमनकाळात येते. नाताळाआधीचे चार रविवार ज्यात येतात तो प्रतीक्षेचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ म्हणजे आगमनकाळ. त्यातही १७ डिसेंबरपासून त्याचा शेवटचा टप्पा सुरू होतो. त्या दिवशी रोमन विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला जातो, आणि तो आरंभ म्हणजे येशूची वंशावळ आहे. नाताळाच्या गाण्यांआधी भाविकांना ऐकवली जाते ती नावांची एक लांबलचक यादी. या यादीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात राजे आहेत तशी तामार आहे, जिला आपला हक्क मिळवण्यासाठी वेषांतर करावे लागले. यरीहोची वेश्या राहाब आहे. परमुलखातून आलेली विधवा रूथ आहे. आणि उरियाची बायको आहे, जिचा नवरा राजाने मारवला. वंशशुद्धीचा दाखला मागणाऱ्या कोणालाही अडचणीची वाटावी अशी ही वंशावळ आहे.

मराठवाड्याच्या धर्मप्रांताचा जन्मदिवस आणि नावांची यादी वाचण्याचा दिवस एकच असावा, हा योगायोग असेल. परंतु त्या योगायोगातून एक प्रश्न उभा राहतो. या धर्मप्रांताची स्वतःची वंशावळ कोणती? ती कोणी लिहिली, कोठे ठेवली आहे, आणि ज्यांची ती आहे त्यांच्या हाती ती का नाही? धर्मग्रामाचे मूळ कोनशिलेत नाही, ते स्नानसंस्काराच्या वहीतील नावांत आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे. ती वही तिच्यातल्या माणसांची झाल्याशिवाय कोणताही महोत्सव मुळांचा उत्सव ठरणार नाही.

धम्माच्या वाटेने गेलेल्या वाचकाला येथे वाटेल की चर्चच्या वर्धापनदिनाशी आपले काय देणेघेणे? त्याचे उत्तर साधे आहे. मराठवाड्यातील आणि शेजारच्या नगरकडील कॅथलिक समाज मुख्यतः पूर्वीच्या महारवाड्या-मांगवाड्यांतूनच आलेला आहे. एका आजोबाचे नातू आज बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, कोणी कागदावर अजून हिंदू आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधीही माणूसपणाचा शोध चालू होता. त्या शोधाच्या एका वाटेचा हा हिशेब आहे.

२

मराठी ख्रिस्ती समाज म्हटला की सुशिक्षित मराठी वाचकाला तीन नावे आठवतात: पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ही तिन्ही नावे आदराचीच आहेत. पण तिन्ही ब्राह्मण घरांतली आहेत. एका ब्राह्मणाने धर्म बदलला की ती वैचारिक घटना ठरते. तिच्यामागे आंतरिक संघर्ष असतो, तत्त्वचिंतन असते, आत्मचरित्र असते. शंभर महारांनी धर्म बदलला की तो ‘सामुदायिक धर्मांतराचा’ आकडा होतो आणि त्याचे कारण एका शब्दात सांगितले जाते: भूक.

या भुकेचा विचार नीट केला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८३१ साली आपले काम सुरू केले होते. पण महारवाडे मोठ्या संख्येने हलले ते १८७६–७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि नंतर. जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी केंदळ आणि आसपासच्या गावांत कॅथलिक केंद्रे उभारली तीही त्याच कालखंडात. पुढे १८९९–१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आला. म्हणून विरोधक म्हणाले की ही माणसे पोटासाठी बाटली.

पण दुष्काळात सगळ्यांत आधी उपाशी कोण पडले आणि का पडले? बलुते हा उभ्या पिकातला वाटा असतो. पीक बुडाले की वाटा बुडतो, राबणूक मात्र बुडत नाही. सावकाराकडे गहाण टाकायला शेत नाही, पेवात धान्य नाही, गावच्या पाणवठ्यावर हात लावायची सोय नाही. अशा माणसाची भूक ही पावसाने आणलेली नव्हती. पावसाने ती फक्त उघडी पाडली होती. आणि ज्याने अन्न देताना ताट दुरून सरकवले नाही त्याच्याविषयी त्याला काही वाटले असेल, तर तेही एक चिंतनच होते. उपाशी माणसाने घेतलेला निर्णय कमी प्रतीचा असतो, हे मत भरल्या पोटाचे आहे. शिवाय दुष्काळ संपल्यावर काही जण परतले, काही राहिले. जे राहिले त्यांचे पोट भरण्याचे कारण तेव्हा संपलेले होते. बलुत्याचा वाटा आणि गावाची मर्जी पणाला लावून ते राहिले. या राहण्याचा खुलासा धान्याच्या पोत्याने होत नाही.

मराठवाड्यात ही वाट कशी आली हेही स्मरणिकांतून नीट कळत नाही. कागदावरचा इतिहास असा आहे: सॅव्हॉयमधील ॲनसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस दी सेल्सच्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले, तेथून त्यांचे काम नागपूरकडे पसरले, १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि निजामाच्या मुलखातील मराठी जिल्हे त्यांच्या कार्यक्षेत्रात आले. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे त्या कामाच्या जुन्या केंद्रांपैकी एक. हे सर्व खरे आहे. पण नकाशा उघडून पाहिला तर दुसरी एक वाट दिसते. वैजापूर, गंगापूर, पैठण हे तालुके गोदावरीच्या अलीकडे. कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव हे मुख्यतः पलीकडे. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचे. सरकारे दोन होती, पण महारवाड्यांची सोयरीक एकच होती. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या. माहेरी आलेल्या बाईने, साखरपुड्याला गेलेल्या भावकीने पलीकडे काय पाहिले? महारवाड्यात भरणारी शाळा पाहिली, आपल्याच जातीचा मास्तर वाचताना पाहिला. नवा धर्म फादरच्या घोड्याआधी सोयरिकीच्या पायवाटेने नदी ओलांडून आला असला पाहिजे. फादर येण्याआधी त्यांना कोणीतरी बोलावले होते. स्मरणिकेतले पहिले वाक्य या बोलावणाऱ्याचे असायला हवे.

आणि तो मास्तर! प्रत्येक धर्मग्रामाच्या इतिहासात तो एका ओळीत उरकला जातो. गावची शाळा ज्या पोरांना व्हरांड्यातही बसू देत नव्हती त्यांना धुळाक्षरे गिरवायला लावणारा, रविवारी प्रार्थना सांगणारा, प्रेताला माती देणारा, पाटलाच्या चावडीवर अर्ज लिहून देणारा हा माणूस म्हणजे महारवाड्यातला पहिला साक्षर. पहिल्या महायुद्धात त्याची कसोटी लागली. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले, बहुतेकांना देशाबाहेर पाठवण्यात आले. जर्मन नागरिकांना डांबण्याची छावणी अहमदनगरातच होती, हा त्यातला क्रूर विनोद. ‘निरोप्या’ हे मराठी मासिक १९०३ साली सुरू करणारे आणि पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झालेले हेन्री डोरिंग यांनाही आपल्या धर्मप्रांतापासून अनेक वर्षे दूर राहावे लागले. १९२१ ते १९२७ या काळात ते जपानात हिरोशिमाला होते. उरलेल्या मोजक्या धर्मगुरूंना सर्व गावे फिरणे शक्य नव्हते. तरी गावोगावच्या मंडळ्या विझल्या नाहीत. फादर नसताना जे टिकले त्याला मूळ म्हणतात. ते मूळ मास्तरांनी आणि वाड्यातल्या म्हाताऱ्या बायांनी धरून ठेवले होते.

३

आता त्या वहीकडे येऊ. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या परिषदेने धर्मग्रामात नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांचे नमुने ठरवून दिले. १९१७ च्या धर्मसंहितेने तो नियम पुन्हा स्पष्ट केला: स्नानसंस्कार झालेल्याचे नाव, तो देणाऱ्याचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, स्थळ आणि दिवस, हे सारे विनाविलंब लिहिले पाहिजे आणि वर्षअखेर वह्यांची प्रत महागुरुस्वामींच्या कचेरीत गेली पाहिजे. १९८३ च्या संहितेत जन्माची तारीख आणि ठिकाणही आले. लग्नाची वही वेगळी, मृत्यूची वेगळी, आणि घरोघरच्या माणसांची गणती ठेवणारी आणखी एक वही, तिला लॅटिनमध्ये ‘आत्म्यांची स्थिती’ असे नाव होते.

आपल्या दृष्टीने या कोरड्या नियमाचा अर्थ फार मोठा आहे. वरच्या जातींच्या वंशावळी भाटांनी लिहिल्या, क्षेत्रोपाध्यांच्या बाडांत त्या सांभाळल्या गेल्या, इनामांच्या सनदांनी त्यांना पुरावा दिला. महार गावच्या कागदात येतो तो वतनाच्या तंट्यात, वेठीच्या हिशेबात, सीमेच्या साक्षीत. तेथे त्याच्या नावाला ‘या’ लागतो आणि नावापुढे बापाचे नाव आले तर पुष्कळ. त्याच्या आईचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. स्नानसंस्काराच्या वहीत मात्र नियमाने ते आले पाहिजे. जी बाई आयुष्यभर ‘अमक्याची बायको’ म्हणून हाक ऐकत राहिली तिचे नाव, साल आणि तारखेसह, शाईने लिहिले जाण्याची ही बहुधा पहिली वेळ. धर्ममाता म्हणून शेजारणीचेही नाव आले. तिच्या गावावरून सोयरिकीचा माग काढता येतो. धोंड्या, कचरू, उकिरडा अशी नावे पोराला का ठेवावी लागत हे आपण जाणतो. तीच पोरे वहीत योहान, याकोब, मार्था झालेली दिसतात, तेव्हा केवळ धर्म बदललेला नसतो. हाक बदललेली असते.

युरोपातल्या साध्या शेतकऱ्याचा इतिहास अशाच वह्यांवरून लिहिला गेला. फ्रान्समध्ये एतिएन गोतिए आणि लुई आँरी यांनी नॉर्मंडीतील क्रुले या खेड्याच्या लोकसंख्येचा इतिहास १९५८ साली धर्मग्रामाच्या वह्या चाळून सिद्ध केला. माणसे किती वर्षे जगत, किती मुले दगावत, लग्ने कोणत्या वयात होत, हे राजांच्या बखरींनी कधी सांगितले नव्हते. नावांच्या जोडणीतून ते बाहेर आले. मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या वह्यांतून दुष्काळात किती पोरे गेली, पटकीच्या सालात कोणता वाडा रिकामा झाला, कोणते घराणे कोणत्या गावाहून उठून कोठे गेले, हे काढता येईल. दलितांचा इतिहास लिहायला साधने नाहीत ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. एक साधन कपाटात कुलूपबंद आहे.

अर्थात ही वही निष्पाप नाही. ती लिहिणारा हात सत्तेचा होता आणि ऐकणारे कान परके होते. मराठी नावे लॅटिन वळणाने लिहिताना मोडली. संताचे नाव दिले गेले तेव्हा पाळण्यातले नाव पुष्कळदा गळाले. लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच रकान्यात मावले. रकान्याबाहेरचे, म्हणजे कोणत्या विहिरीवरून भांडण झाले, कोणी पहिल्यांदा मेलेले ढोर ओढायला नकार दिला, ते फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरले आहे. म्हणून वही आणि आठवण शेजारी ठेवूनच वाचली पाहिजे.

४

इथपर्यंत प्रश्न अभ्यासाचा होता. पण या वहीला आणखी एक बाजू आहे, आणि ती कायद्याने निर्माण केली आहे. जी वही घराण्याचे मूळ सांगते तीच वही त्या घराण्यातल्या पोराची सवलत काढून घेऊ शकते.

इंग्रज सरकारच्या १९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने भारतीय ख्रिस्ती माणसाला यादीबाहेर ठेवले. स्वतंत्र भारतात १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा कोणीही अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे ठरवले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही याच यादीला बांधलेले असल्यामुळे त्यांना अनुसूचित जाती म्हणून ते मिळत नाही. वस्ती पेटवणारा मात्र धर्माचा दाखला पाहून काडी ओढत नाही.

परिणाम काय झाला? दोन कागद झाले. चर्चच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ही लबाडी आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण जेथे माणसाला त्याची श्रद्धा आणि त्याच्या पोराचे शिक्षण यांत निवड करायला लावली जाते, तेथे लबाडी निवड करणाऱ्याची नसते. या निवडीमुळे एक समाज आपलेच नाव उच्चारायला भितो. त्याची संख्या कोणत्याही गणतीत खरी येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सूसाई यांच्या खटल्यात सप्टेंबर १९८५ मध्ये जो निकाल दिला तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सूसाई हे मद्रासच्या रस्त्यावर बसणारे ख्रिस्ती चर्मकार. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना टपऱ्या दिल्या, त्यांना दिली नाही. धर्म बदलल्यावरही जातीमुळे येणारे अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकून राहते हे दाखवणारी पुरेशी साधने समोर नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणजे प्रश्न पुन्हा नोंदीशीच आला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून मोकळा करावा अशी शिफारस केली. २०२२ च्या ऑक्टोबरात के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमण्यात आला. प्रत्येक वेळी पुरावा मागितला जातो. आणि पुरावा देणारा माणूस पुढे यायचा तर त्याने आधी हातात आहे ते गमावण्याची तयारी ठेवायची, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीचे सर्वांत उघडे रूप पाहायचे असेल तर धर्मप्रांताच्या पश्चिम टोकाच्या वैजापूरकडून पूर्व टोकाला, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या बाजूला जावे. पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचा हा मुलूख. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचे नाव आहे: आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा तालुक्यांसह, त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. येथे गोंड, कोलाम, आंध आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत. सीमेच्या एका रेघेने येथे माणसाचा सरकारी वर्ग बदलतो. तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतो. अलीकडचा त्याचाच भाऊबंद बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत.

धर्माची रेघही तशीच आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. गोंड किंवा कोलाम माणूस ख्रिस्ती झाला तरी कायद्याने तो आदिवासीच राहतो. त्याच्या शेजारचा मातंग ख्रिस्ती झाला तर त्या दिवसापासून तो मातंग नाही असे कायदा मानतो. गाव मात्र तसे मानत नाही. अशी दोन कुटुंबे आगमनकाळात एकाच बाकावर बसली तर दोघांची प्रार्थना एक असेल, मेणबत्त्या त्याच चार असतील. पण स्नानसंस्काराच्या वहीत एकाच पानावर लिहिलेल्या दोन नावांपैकी एकाला ती नोंद निरुपद्रवी असेल आणि दुसऱ्याला महागात पडेल. धर्म बदलल्याने जात जाते असे कायद्याला वाटत असेल, तर जमात का जात नाही? आणि जात धर्माबरोबर जात नाही असे वाटल्यामुळेच शिखांना आणि बौद्धांना यादीत घेतले असेल, तर ख्रिस्ती आणि मुसलमानांचा अपवाद कोणत्या तर्काने? या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या परिच्छेदात नाही.

५

कायद्याला प्रश्न विचारताना चर्चला सोडून चालणार नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना रोखठोक सुनावले होते की आपल्या सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही राजकीय लढा दिलेला नाही. अस्पृश्य विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती तो ख्रिस्ती होताच थांबते, त्याची गरिबी मात्र तशीच राहते, याकडे त्यांनी तेव्हाच लक्ष वेधले. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९३८ ला, निजाम राज्यातील कन्नड तालुक्यात मक्रणपूरची परिषद झाली. मराठवाड्यातला अस्पृश्य समाज तेथे संघटित लढ्याची भाषा बोलू लागला. एकाच वर्षातील या दोन सभा शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. एका वाटेवर संस्था होत्या, शाळा होत्या, दवाखाने होते. दुसऱ्या वाटेवर फक्त संघटना होती. आणि समाजाचा आवाज या दुसऱ्या वाटेने निर्माण झाला.

महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरचा निबंध आहे. स्नानसंस्कार दिला की आपले काम झाले असे मिशनरी समजले, धर्मांतरिताच्या सामाजिक गुलामीचा प्रश्न त्यांनी अंगावर घेतला नाही, आणि पापाच्या शिकवणीने त्या माणसाचे लक्ष व्यवस्थेच्या अन्यायावरून स्वतःच्या दोषांकडे वळले, असा त्यातील टीकेचा रोख आहे. कोणत्याही धर्मग्रामाच्या वर्धापनदिनी आत्मपरीक्षणासाठी याहून चांगले वाचन मिळणार नाही.

चर्चमधूनही हा आवाज उठला आहे. अरविंद निर्मळ या मराठी ईशशास्त्रज्ञांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईशशास्त्राची मांडणी केली. पुढे दलित ईशशास्त्र या नावाने ओळखल्या गेलेल्या विचाराचा तो आरंभ मानला जातो. इस्राएली माणूस आपल्या श्रद्धेचे कथन करताना आधी आपल्या भटक्या, गुलाम पूर्वजांची आठवण सांगतो. दलित ख्रिस्ती माणसानेही आपल्या पूर्वजांचा अपमान विसरून नव्हे, तर सांगून आपली श्रद्धा मांडली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. निर्मळ कॅथलिक नव्हते, पण मुळांचा प्रश्न त्यांनी जेथे नेऊन ठेवला तेथूनच कोणत्याही चर्चला पुढे जावे लागेल.

२०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे आगमनकाळातच, भारतातील कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्येही जातिभेद व अस्पृश्यता पाळली जाते याची कबुली दिली. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत ही तर दगडातली कबुली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातून या पदावर पोहोचलेले ते पहिले. कबुली आणि सन्मान यांचे मोल आहे. पण निर्णयाच्या जागी, बिशपच्या सल्लागार मंडळात, शाळांच्या व्यवस्थापनात, वाड्यातल्या माणसांना किती जागा आहेत, हा हिशेब प्रत्येक धर्मग्रामाने आपल्यापुरता मांडावा लागेल.

६

तेव्हा सुवर्ण महोत्सवात काय करावे? मंडप, मिरवणूक, सहभोजन हे होईलच, आणि व्हावे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्या माणसांना एकत्र जमण्याचा आनंद शिकवण्याची गरज नाही. पण त्याबरोबर चार कामे झाली पाहिजेत.

पहिले, वह्या वाचाव्यात. जुन्या पानांची नक्कल करावी, लॅटिन नोंदी मराठीत आणाव्यात आणि मोडलेली नावे घरच्यांना विचारून दुरुस्त करावीत. प्रत्येक घराला त्याच्या मुळाचा कागद मिळाला पाहिजे. परंतु तो छापू नये. वर सांगितलेली कोंडी जोवर कायम आहे तोवर कोणत्याही कुटुंबाचे नाव त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर येता कामा नये. मूळ सांगण्याचा हक्क मूळ असलेल्याचा आहे, स्मरणिकेच्या संपादकाचा नाही.

दुसरे, म्हाताऱ्यांना बोलते करावे. हे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचे आहे. आपल्या वाड्यात पहिली शाळा कोणाच्या ओट्यावर भरली? पहिला मास्तर कोणत्या गावचा? गावाने बहिष्कार टाकला तेव्हा पाणी कोठून आणले? नामांतराच्या दिवसांत, १९७८ च्या दंगलीत, चर्चच्या आवारात कोणाला आसरा मिळाला, किंवा मिळाला नाही? या प्रश्नांची उत्तरे सोयीची असतील तेवढीच लिहायची नाहीत.

तिसरे, बौद्ध, मातंग आणि आदिवासी शेजाऱ्यांना बोलवावे, पाहुणे म्हणून नव्हे तर त्याच इतिहासाचे वाटेकरी म्हणून. भावकी धर्मांनी विभागली, तिचा इतिहास एकट्या धर्माच्या स्मरणिकेत मावणार नाही. बौद्ध कार्यकर्त्यांनीही १९९० पर्यंत आपल्याला काय सोसावे लागले ते आठवून ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांच्या मागणीकडे पाहावे. यादीत वाटेकरी वाढतील ही भीती खरी असेल तर कोटा वाढवण्याची मागणी एकत्र करता येते. शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवणे हा तिच्यावरचा उपाय नाही.

चौथे, तिसरा परिच्छेद रद्द करण्याची मागणी महोत्सवाच्या ठरावांत पहिली असावी, आणि तिच्या जोडीला चर्चच्या स्वतःच्या शाळांत, नोकऱ्यांत आणि निर्णयात दलित ख्रिस्तींचा वाटा किती, याचा जाहीर ताळेबंद असावा. सरकारकडे न्याय मागणाऱ्याने आपले घर उघडे ठेवले पाहिजे.

आगमनकाळ प्रतीक्षेचा असतो हे खरे. पण १९३६ पासून जो समाज यादीच्या दाराशी उभा आहे त्याला प्रतीक्षेची शिकवण नव्याने देण्याचे कारण नाही. त्या काळात वाचल्या जाणाऱ्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटणाऱ्या धुमाऱ्याची प्रतिमा आहे. धुमारा फुटतो तो मूळ जिवंत असते म्हणून. १७ डिसेंबर २०२७ ला मराठवाड्यातल्या चर्चमध्ये तामारचे आणि राहाबचे नाव वाचले जाईल. त्याच दिवशी, ज्या घरांची तयारी असेल त्या घरांनी, आपल्या पहिल्या आजीचे आणि आजोबाचे नाव, त्यांच्या वाड्याचे आणि गावाचे नाव, स्वतःच्या तोंडाने उभे राहून वाचावे. स्मरणिकेतल्या इतिहासाचे पहिले पान तेथून लिहायला घ्यावे.